सरकारी सुताचा हार

निर्मळ,
१४ ऑगस्ट १९५०

चि. मंदा,

अनेक आशीर्वाद. सरकारी नोकराला आशीर्वाद घ्यायची मनाई असेल तर तसं कळवावं, पुढच्या पत्रात लिहिणार नाही.

तुझा लखोटा काल आला. वर सरकारी शिक्का, म्हणून पोस्टमनने तो दोन्ही हातांनी अदबीने दिला. तुझी आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. "मंदाचं का? मोठ्याने वाचा की," म्हणाली. मी वाचलं : "आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, सूतकताई हा उद्योग चालू वर्षापासून सर्व मान्यताप्राप्त शाळांना सक्तीचा करण्यात आला असून त्यातून कोणत्याही शाळेस वगळता येणार नाही." आईचा हात सुपातच थांबला. "आणि तब्येत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तब्येतीविषयी काही कळविण्यात आलेलं नाही."

बापाने लेकीला घरून पत्र लिहावं आणि लेकीने ठाण्याच्या शिक्षण कचेरीतून जावक क्रमांक घालून उत्तर द्यावं, असं आपल्या गावात पूर्वी कधी झालेलं नाही. नरहरी गुरुजींची मंदा शाळा तपासणारी डिपोटीणबाई झाली याचा गावाला अभिमान आहे. मलाही आहे. पण मला डिपोटीणबाईंशी काम नव्हतं. मंदाशी बोलायचं होतं.

तू रागावली आहेस ते मला ठाऊक आहे. जूनमध्ये वसईला मुख्याध्यापकांची सभा भरली, तू टकळी घेऊन समोर उभी राहिलीस आणि सूत कसं काढायचं ते आम्हाला दाखवू लागलीस. मी शेवटच्या बाकावरून उठून विचारलं, "बाई, पावसाळ्यात आमच्या समुद्राकाठी कापूस ओलसर होतो, धागा धरतच नाही, त्याचं काय?" तेवढ्यात तुझा धागा तुटला. तू जोडलास, पुन्हा तुटला. सभा हसली. मंदा, प्रश्न खरा होता, उद्या पुन्हा विचारीन. हसणारे मात्र गाढव होते. त्यानंतर तू घरी न येता तशीच ठाण्याला गेलीस, आणि तेव्हापासून आपल्या दोघांमध्ये सरकार येऊन बसलंय.

टकळीशी माझं वैर नाही. विसापूरच्या तुरुंगात मी रोज कातत होतो. तेव्हाच्या इंग्रज सरकारला सुताचं वावडं होतं, म्हणून माझा हात भराभर चालायचा. आता आपलंच सरकार कात म्हणून हुकूम सोडतं, तर हात चालत नाही. हा माझा स्वभाव आहे, तो तुला नवा नाही.

स्वभाव राहू दे बाजूला. तुमचं परिपत्रक सांगतं, उद्योग नाही तर मान्यता नाही. मान्यता गेली की आपल्या शाळेची पाचवी, सहावी, सातवी बंद. मुलगे जातील सायकली हाणत वसईला. मुलींना कोण धाडणार? तुझ्या वेळी हे वर्ग नव्हते. मी तुला कॅरिअरवर बसवून सकाळी वसईला सोडायचो, परत येऊन इथली शाळा उघडायचो आणि संध्याकाळी पुन्हा तुला आणायला निघायचो. गावातल्या बाकी मुलींच्या बापांकडे सायकल नव्हती आणि माझ्याएवढा हट्टही नव्हता. म्हणून तर हे वर्ग काढले. ते एका टकळीपायी बंद पडू द्यायचे का, एवढंच मला विचारायचं होतं.

तुझी आई विचारते, ठाण्याला पावसात कपडे वाळतात का. याचं उत्तर जावक क्रमांकाशिवाय दिलंस तरी चालेल.

— बाबा


निर्मळ,
२५ सप्टेंबर १९५०

चि. मंदा,

आशीर्वाद. मनाई असल्याचं कळवलं नाहीस, म्हणून चालू ठेवले आहेत.

कपडे वाळतात की नाही हेही कळवलं नाहीस. आईने आपल्या मनाने ठरवलं की वाळत नसणार, आणि दोन लुगडी जास्तीची घेऊन ठेवली आहेत. ती कधी न्यायची ते तुझं तू बघ.

रविवारी आपल्या ओटीवर सभा झाली. अर्नाळ्याहून लॉरेन्स मास्तर आले, चांदीपच्या शाळेचे मास्तर चिखल तुडवत आले, आपल्या रोझलीन टीचर होत्याच. अध्यक्षस्थानी प्लासिड. शाळा कमिटीचा तो अध्यक्ष आहे, त्यामुळे ओटीवर बसला तरी तो जिथे बसेल ते अध्यक्षस्थान होतं. केळीचा बागाईतदार असला तरी बोलतो बॅरिस्टरासारखा.

लॉरेन्स मास्तर म्हणाले, "गुरुजी, आमच्या कोळ्यांच्या पोरांनी सूत काढलं. काढलं नाय असं नाय. पन बापाचं जाळं फाटलेलं होतं, त्याला लावलं. पहिल्याच भरतीला जाळं उघडं पडलं आनि मासे निघून गेले. आता पोरांचे बाप मला विचारतात, मास्तर, मासळीची भरपाई सरकार देनार का तुमी?"

चांदीपच्या मास्तरांची तऱ्हा निराळी. भातलावणीच्या दिवसांत पोरं शाळेतच नव्हती, आणि कापसाचे पेळू उंदरांनी नेले. "उंदरांना मात्र उद्योग मिळाला," ते म्हणाले.

आपल्या पोरांचं तुला सांगायला नको. इथे दोरा म्हणजे केळीचं सोपट. बुंध्याचं साल सोलायचं, वाळवायचं, लागेल तेव्हा भिजवून चिरायचं, की त्याने फुलं बांधा, पानांच्या जुड्या बांधा, भाजी बांधा. हे काम पोरं बोलायला लागण्याआधीपासून बघतात. त्यांच्या हातात टकळी दिली, तर चौथीच्या वर्गाने तिचा भोवरा केला. चांगला फिरतो.

तेव्हा सर्वानुमते असं ठरलं, की तिन्ही शाळांच्या टकळ्या सरकारला साभार परत कराव्यात. अर्नाळ्याला जाळी विणणं शिकवू दे, चांदीपला भातशेती, निर्मळला बागाईत. उद्योग आम्हाला नको आहे असं नाही. आमच्या गावाचा उद्योग आम्हाला हवा आहे. टकळ्यांची गोणी रेल्वेने तुझ्या कचेरीच्या नावाने पाठवली आहे. सोपटाने बांधली आहे. गाठ सुटली नाही तर कापू नकोस, सोपट पुन्हा वापरता येतं.

आई म्हणते, पोरीच्या टेबलावर गोणी पाठवणं शोभत नाही. मी म्हटलं, मी पोरीला नाही पाठवली, सरकारला पाठवली. ती म्हणाली, सरकारच्या टेबलाशी बसलंय कोण?

— बाबा


निर्मळ,
१० डिसेंबर १९५०

चि. मंदा,

आशीर्वाद. दोन पार्सलं आली.

पहिलं पार्सल म्हणजे टकळ्यांची गोणी, दिवाळीच्या आधीच. परत आली. गाठ न कापता सोडवली होती आणि पुन्हा तशीच बांधली होती. ठाण्याच्या कचेरीत अशी गाठ मारता येणारा शिपाई असेल असं मला वाटत नाही.

दुसरं पार्सल सुकेळ्यांचं. मी जत्रेआधी पाठवलं होतं. आईने स्वतः राजेळी केळी सोलून, मांडवावर वाळवून, पानात बांधली होती. सोबत चिठ्ठी : "शासकीय सेवकास शाळांकडून भेटवस्तू स्वीकारता येत नाही." मंदा, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असतंस तर कळलं असतं, की शाळेने नाही, तुझ्या आईने पाठवली होती. ती तुझ्यावर रागावली नाही. माझ्यावरच चिडली. म्हणाली, "तिचं बरोबर आहे. शाळेच्या गोणीमागोमाग घरची सुकेळी गेली, तर कचेरीतले काय म्हणतील? हे तुम्हाला सुचायला हवं होतं." तेव्हा हल्ली या घरात तुझी बाजू घेणारं माणूस आहे, एवढं लक्षात असू दे.

बातमी अशी की आम्ही सूत कातत आहोत. हसू नकोस. गोणी परत आली तसा प्लासिड घाबरला. आणि क्लेमेंटीन शाळेत आली. तीच ती, सोपाऱ्याच्या स्टेशनावर फुलांच्या टोपल्या गाडीत चढवते ती. तिची मटिल्डा पाचवीत आहे. दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, तुमचं सरकारशी काय भांडन असेल ते असो. आमची मटिल्डा सातवीपरत शिकली पायजे. टकळी फिरवून शाळा टिकत असेल तर मी घरी पन फिरवीन. तुमी हट्ट सोडा." वर्गातल्या सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मग मी काय करणार? सोडला.

दिवाळीपासून रोज तास होतो. आणि तुला सांगायला जिवावर येतं, पण थंडीच्या कोरड्या हवेत धागा तुटत नाही. तुझा मुद्दा निम्मा खरा होता. निम्माच म्हणतोय. मुलींचे हात फुलं बांधून तयार झालेले, त्यामुळे सूत असं बारीक आणि पिळदार निघतंय की रोझलीन टीचर खूश आहेत. मलाही बरं वाटतं, पण मी तसं वर्गात दाखवत नाही.

नाताळच्या आधी तुमचे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलंय. कपाट सुताने भरलं आहे. निश्चिंत अस.

— बाबा


निर्मळ,
२१ डिसेंबर १९५०

चि. मंदा,

आशीर्वाद. साहेबांचा अहवाल तुझ्या टेबलावर पोचायच्या आत हे पत्र पोचावं, म्हणून पोस्टमनला थांबवून ठेवून लिहितो आहे. त्याला चहा दिला आहे.

जे घडलं ते असं. पाहुणा आला की हार घालायचा ही गावाची रीत तुला माहीत आहे. आणि हार दुकानातून आणायचा नाही, पोरांनी वाडीतली फुलं खुडून करायचा. साहेब ठाण्याहून येणार, तेव्हा हारही तसाच मोठा हवा. मुली पहाटेच टोपल्या भरून शेवंती आणि झेंडू घेऊन शाळेत जमल्या. पण नाताळ तोंडावर आलेला. गावातलं सगळं सोपट नाताळच्या गोठ्यांना आणि चर्चच्या तोरणांना गेलेलं. फुलं समोर, बांधायला काही नाही. आणि कपाटात दिवाळीपासूनचं सूत पडून.

आपल्या गावात फुलं कोमेजत पडली आहेत आणि दोरा कपाटात बसला आहे, असं कोणाला बघवेल का? मटिल्डाने कपाट उघडलं आणि मुलींनी होतं नव्हतं ते सगळं सूत पिळून हाराची दोरी केली. त्यात तिचं काही चुकलं असं तिला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगू, मला अजूनही वाटत नाही.

साहेब आले. टोपी, कोट, सगळं व्यवस्थित. मुलींनी हार घातला तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. साहेब हसले, मान वळवून सगळ्यांना दिसावा म्हणून उभे राहिले. चांगला माणूस आहे गं, त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. मग ते म्हणाले, "चला, आता सूत दाखवा." रोझलीन टीचरांनी कपाट उघडलं. आत एक कोळी होता. कोपऱ्यात चार पेळू होते. सूत नव्हतं.

"सूत कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळा वर्ग साहेबांच्या छातीकडे बोट दाखवून उभा राहिला. मटिल्डा म्हणाली, "साहेब, तुमच्या गळ्यात हाय."

साहेबांनी खाली बघितलं. प्लासिडला वाटलं आपण प्रसंग सावरावा. तो म्हणाला, "साहेब, हार आख्खा तराजूत घाला. फुलांचं वजन आमच्यातर्फे." तिथून प्रकरण बिघडलं. साहेब लाल झाले आणि हार तोडून टाकायला त्यांनी जोरात हिसडा दिला. सूत तुटलं नाही. दुसरा हिसडा दिला, तरी तुटलं नाही. टोपी पडली, हार तसाच. शेवटी मी आणि लॉरेन्स मास्तरांनी मिळून तो डोक्यावरून काढला. (ते अर्नाळ्याहून नुसते बघायला आले होते.) सूत मजबूत होतं, हे अहवालात यायला हवं. येणार नाही, म्हणून मी तुला कळवतो आहे.

मी हसलो नाही. तुझ्या सभेनंतर मी ठरवलंय, भर सभेत कोणाची फजिती झाली तर हसायचं नाही आणि कोणाला हसू द्यायचं नाही. पोरांनाही डोळ्यांनी दाबून ठेवलं होतं. साहेब सायकलवरून वळणापलीकडे गेल्यावर मात्र शाळा फुटली.

मटिल्डा तेवढी हसली नाही. घरी जाऊन तिने आईला विचारलं, "माझ्यामुळे शाळा जाईल?" क्लेमेंटीनने हे मला येऊन सांगितलं. तेव्हापासून माझंही हसू गेलंय.

— बाबा


निर्मळ,
१० जानेवारी १९५१

शिक्षण कचेरी, ठाणे, यांस,

आपली नोटीस मिळाली. "शाळेने उद्योगाचे सूत अन्य कामी वापरून नष्ट केले" आणि "जून महिन्यापासून वरच्या वर्गांची मान्यता काढून घेण्याचे योजिले आहे" हे दोन परिच्छेद वाचले, आणि खालची सही पाहिली. सही माझ्या ओळखीची आहे. ती मीच पाटीवर गिरवून घेतली होती.

सूत नष्ट झालेलं नाही. ते साहेबांना अर्पण झालं आहे.

आजपासून मी मंदाला पत्र लिहिणार नाही. सरकारला लिहीन.

— नरहरी राऊत, मुख्याध्यापक


निर्मळ,
११ जानेवारी १९५१

चि. मंदा,

कालचं पत्र रद्द समजावं. पोस्टमनच्या मागे सायकल घेऊन गेलो होतो, पण तो सोपाऱ्याला पोचला होता.

झालं असं की रात्री जेवताना आई म्हणाली, "ते नोटिशीचं पत्र पुन्हा वाचा, पूर्ण वाचा." मी म्हटलं, "पूर्ण काय वाचायचं? दोन परिच्छेदांत शाळा बंद केलीय." ती म्हणाली, "मंदाने शाळेत असताना दोन परिच्छेदांचा निबंध कधी लिहिला होता? पान उलटा." पान उलटलं. मागे तिसरा परिच्छेद होता :

"तथापि, सूतकताईऐवजी बागकाम हा उद्योग घेण्याची तरतूद नियमांत असून, ज्या शाळेस लागून स्वतःची जमीन व रहाट चालू असलेली विहीर आहे, अशा शाळेचा अर्ज फेब्रुवारीअखेर आल्यास त्याचा विचार करता येईल."

आई म्हणाली, "हा परिच्छेद सरकारचा नाही, मंदाचा आहे. सरकार नुसतं विहीर म्हणेल. ठाण्याला बसून रहाट चालू असलेली विहीर कोण म्हणेल?"

मंदा, मी चाळीस पोरांना वाचायला शिकवतो आणि मला स्वतःला पान उलटता आलं नाही. तू नोटिशीच्या आडून मला वाट दाखवत होतीस आणि मी तुझ्या नावाने तणतणत बसलो. आता मला फार बरं वाटतंय. रात्री दोनदा भात घेतला.

पण आता जे लिहितो ते जड आहे. शाळेला लागून, रहाट चालू असलेली विहीर गावात एकच. तुझ्या वाडीतली. तू फायनलच्या परीक्षेत पहिली आलीस तेव्हा मी ती तुझ्या नावावर केली. सोनचाफा तू लावलेला, पानवेलीला पाणी तू घातलेलं. रहाटाचा रेडा गोलगोल फिरतो आणि आमचे डिपोटी साहेबही दर वर्षी फिरून तिथेच येतात, म्हणून तू रेड्याचं नाव 'डिपोटी' ठेवलं होतंस. आताचा रेडा त्याचा नातू असेल, नाव तेच चालवलंय. तू नोकरीला लागल्यावर ते बदलावं की काय असं मनात आलं होतं, पण तो दुसऱ्या नावाला ओ देत नाही.

ती वाडी मी तुझ्यासाठी राखली. लग्न कर न कर, नोकरी टिको न टिको, माझ्या पोरीला स्वतःची सावली हवी म्हणून. आता तीच तुझ्याकडे शाळेसाठी मागतो आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे मागताना माझा हात टकळीवर अडखळायचा तसा अडखळतो आहे. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. रागावलो तरी लिहिणार नाही.

सोबत सुकेळी पाठवतो आहे. पाठवणारी : आनंदीबाई नरहरी राऊत, धंदा घरकाम, शाळेशी संबंध नाही. असं तिने स्वतः सांगून लिहायला लावलं आहे.

— बाबा


निर्मळ,
१८ फेब्रुवारी १९५१

चि. मंदा,

आशीर्वाद. महिना उलटला, तुझं पत्र नाही. सरकारचंही नाही. कळविण्यात येते की, तेही येईनासं झाल्यावर घर सुनं वाटतं.

अर्ज तयार करून ठेवला आहे. जमिनीच्या जागी काही लिहिलेलं नाही. फेब्रुवारी संपत आलाय. क्लेमेंटीन रोज टोपल्या चढवून परतताना शाळेच्या दारात थांबते, नुसती बघते. मटिल्डा वर्गात बोटं दुखेपर्यंत टकळी फिरवते. तिला वाटतं, हाराएवढं सूत पुन्हा भरून दिलं की झालं. मी तिला म्हटलं, बाळ, पुरे. ती ऐकत नाही. हे हट्टी पोरींचं गाव आहे, हे माझं भाग्य की दुसरं काही, ते हल्ली समजत नाही.

वाडी द्यायची नसेल तर नको देऊस. पण तब्येत कळव. एक गोष्ट सांगायची राहिली होती. जूनच्या सभेनंतर मी बाहेर वडाखाली सायकल घेऊन उभा होतो. कॅरिअर पुसून ठेवला होता. तू पुढच्या दाराने येशील असं वाटलं. सगळे मास्तर गेले, शिपायाने कुलूप लावलं, तेव्हा कळलं तू मागच्या दाराने गेलीस.

तुझी फार आठवण येते. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं उगाच लिहिलं.

— बाबा


ठाणे,
९ मार्च १९५१

तीर्थरूप बाबा आणि आई,

या पत्राला जावक क्रमांक नाही. कागदही माझ्या पैशाचा आहे.

आधी सुकेळी. मिळाली. पोच देत नाही, परतही करत नाही. संपली. कचेरीतल्या साहेबांनी दोन खाल्ली. तेच ते, हारवाले. "ही कुठली?" विचारलं. मी म्हटलं, निर्मळची. त्यांनी गळ्यावरून हात फिरवला आणि तिसरी उचलली.

बाबा, मी गप्प का होते ते सांगते. वाडी माझ्या नावावर आणि शाळेची फाइलही माझ्याच टेबलावर. माझ्या जमिनीवरच्या शाळेला माझ्याच हातून मान्यता मिळाली असती, तर उद्या कोणीही म्हणालं असतं, बापाची शाळा लेकीने वाचवली. मला ती तशी वाचवायची नव्हती. म्हणून मी साहेबांना सगळं सांगितलं, फाइल त्यांच्याकडे सोपवली, आणि तिचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं. आधी कळवलं असतं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत अर्नाळ्याला बातमी पोचवली असती. हे खोटं आहे असं म्हणू नका.

वाडी शाळेची झाली. संमती मी वसईच्या मामलेदार कचेरीत परस्पर पाठवली होती, अर्जाला ती काल जोडली गेली. तुम्ही अर्ज मुदतीत पाठवलात, पण जमिनीची जागा कोरीच ठेवलीत, ते साहेबांनी मला दाखवलं. "तुमच्या वडिलांनी तुमच्या 'हो'आधी काही लिहिलेलं नाही," म्हणाले. मी खिडकीकडे गेले, डोळे पुसले आणि परत आले.

मला वेगळी सावली नको बाबा. त्या वाडीत पाचवीच्या मुली आळी करतील, पानवेल चढवतील, तर ती माझीच सावली आहे. सोनचाफ्याला मात्र कुणी हात लावायचा नाही, तेवढं नियमांत घालून घ्या.

बागकाम मंजूर झालं आहे. तुमच्या तिन्ही वर्गांना धक्का नाही. मटिल्डाला आजच सांगा, मग बाकीचं पत्र वाचा. अर्नाळ्याच्या जाळ्यांचा आणि चांदीपच्या भाताचा प्रस्ताव पुण्याला गेला आहे, त्याच्यावरचा शेरा मी लिहिला. तीन परिच्छेदांचा आहे. टकळी आठवड्यातून एक तास राहील, तीही थंडीतच, आणि शिकवायची तुम्ही. तुम्हाला विसापूरचा अनुभव आहे, असं मी वर सांगितलं आहे. आता सरकार कात म्हणतं म्हणून हात अडला, तर मी सांगते म्हणून काता.

सभेत धागा तुटला तेव्हा मला हसण्याचा राग आला नव्हता. तुम्ही मला "बाई" म्हणालात त्याचा आला होता. सगळ्या तालुक्याने म्हणावं, तुम्ही नाही. मागच्या दाराने गेले ती डोळे दिसू नयेत म्हणून. तुम्ही वडाखाली उभे होतात आणि धोतराच्या सोग्याने कॅरिअर पुसत होतात, ते मला भिंतीआडून दिसत होतं. पाय निघत नव्हता, तरी गेले. मीही त्याच गावची हट्टी पोर.

बागेच्या पाहणीला पुढच्या शनिवारी साहेब येतील. मी त्या दिवशी कामावर नाही. रजा टाकली आहे. साहेबांनी विचारलं, "कारण?" मी लिहिलं, "घरी जाणे." ते म्हणाले, "मग एकाच गाडीने जाऊ. मला हार घालू नका म्हणून तेवढं सांगा." मी त्यांना म्हटलं, ते माझ्या हातात नाही, गावाची रीत आहे. तेव्हा बाबा, हार करा, पण सोपटाचा करा, म्हणजे पाहिजे तेव्हा तुटेल.

आईला सांगा, इथे पावसात कपडे वाळत नाहीत. लुगडी घेऊन जाईन.

सोपाऱ्याला सकाळच्या गाडीने उतरते. साहेबांसाठी प्लासिडचा टांगा सांगा. माझ्यासाठी तुम्ही सायकल घेऊन या. मी आता जड झाले आहे, चढावर उतरून चालेन. पण स्टेशनापासून घरापर्यंत कॅरिअरवर दुसरं कोणी बसवू नका.

तुमची,
मंदा